झाशीच्या बांधावरचा एक टन

झाशीजवळ बरुआसागरला अण्णामामांची शेती आहे. त्यांचे घराणे नेवाळकरांच्या अमदानीत महाराष्ट्रातून तिकडे गेले आणि तिथेच रुजले. घरात मराठी, शेतावर बुंदेली, कचेरीत हिंदी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तर ते बांधावरच्या सागाला शिंप्याची टेप गुंडाळून उभे होते. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, खोडाचा घेर मोजायचा, वहीत लिहायचा, झाडाला चुन्याचा ठिपका लावायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचे. साग, कडुनिंब, आवळा, दोन अंजन. मोजणी झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतोस ना रे? मग मला एवढंच सांग. टनाला सहा डॉलर हा भाव ठरवला कोणी?"

मंडईत आल्याचा भाव कोण ठरवतो हे मामांना पक्के ठाऊक आहे. हा सहा डॉलरचा भाव कुठल्या मंडईतला, याचा मात्र त्यांना पत्ता लागत नव्हता. त्या दिवशी मी त्यांना जेवढे सांगू शकलो, त्याहून अधिक नीट सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी सहा डॉलर कुठून आले ते पाहू. उत्तर प्रदेश सरकारने टेरी या संस्थेच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी कार्बन क्रेडिटची योजना आणली. शेतातल्या झाडांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड किती शोषला ते मोजायचे, एका टनाला एक क्रेडिट धरायचे आणि दर पाच वर्षांनी क्रेडिटमागे सहा डॉलर शेतकऱ्याला द्यायचे. पहिल्या टप्प्यात गोरखपूर, बरेली, लखनौ, मेरठ, मुरादाबाद आणि सहारनपूर हे विभाग आले; झाशी विभाग दुसऱ्या टप्प्यात.

आता टन म्हणजे किती झाडे? लाकूड पूर्ण वाळवून वजन केले, तर त्यात साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. हा कार्बन हवेत असताना ऑक्सिजनला बांधलेला होता. म्हणून एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. मुळे, खोड, फांद्या धरून वाळके वजन २०० किलो भरेल असे झाड घ्या. त्यात १०० किलो कार्बन, म्हणजे हवेतून खेचलेला ३६७ किलो वायू. अशी तीन झाडे झाली की एक टन पुरा होऊन वर थोडे उरते. तीन वाढलेल्या झाडांचे सहा डॉलर, म्हणजे पाचशेच्या वर थोडे रुपये. मामांच्या बांधावर अशी शंभर झाडे असती, तर ३६.७ टन आणि एकोणीस हजारांच्या आसपास रक्कम; तीही बारा-पंधरा वर्षांच्या वाढीची, हप्त्याहप्त्याने.

हाच एक टन युरोपातल्या एखाद्या सिमेंट कारखान्याने हवेत सोडला, तर त्याला त्यासाठी परवाना लागतो. त्या परवान्याचा भाव २०२५मध्ये बहुतांश काळ साठ ते ऐंशी युरोंच्या दरम्यान फिरत होता. २०२३च्या फेब्रुवारीत त्याने शंभरी ओलांडली होती. रुपयांत सहा-सात हजार धरा. मामांच्या शंभर झाडांचे त्या भावाने अडीच लाखांच्या घरात होतात. वायू तोच, वजन तेच, आणि वर पसरलेली हवाही सगळ्यांची एकच. भावात मात्र बारा-तेरा पटींचा फरक.

आणि फार लांब जायलाही नको. झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत परीछाची धुराडी दिसू लागतात. बेटवा नदीवर इथे इंग्रजांनी १८८०च्या दशकात कालव्यासाठी बंधारा बांधला. त्याच पाण्यावर १९८०च्या दशकात औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. ११० मेगावॅटचे पहिले दोन संच आता निवृत्त झाले. २१० चे दोन आणि २५० चे दोन उरले आहेत. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की अडीच लाख युनिट वीज आणि सुमारे २५० टन वायू. मामांच्या त्या काल्पनिक शंभर झाडांनी पंधरा वर्षांत जेवढा शोषला, तेवढा हा संच नऊ मिनिटांत परत सोडतो.

हे मी परीछाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्याच विजेवर झाशीचे पाण्याचे पंप चालतात, रुग्णालये चालतात आणि मामांची मोटरही चालते. प्रश्न आहे तो त्या नऊ मिनिटांचे बिल कोणाच्या नावे फाडायचे हा.

केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी १९२० साली ही गोष्ट धुराचेच उदाहरण घेऊन मांडली. कारखानदार कोळशाचे पैसे देतो, मजुरी देतो, पण त्याच्या धुराने शेजाऱ्यांचे कपडे काळे होतात, इमारती खराब होतात, तो खर्च त्याच्या वहीत कुठेच येत नाही. मग वहीत जो नफा दिसतो तो खोटा असतो. उपाय म्हणून पिगूंनी सांगितले की त्या नुकसानीएवढा कर लावा, म्हणजे वही खरी होईल. एका शहरापुरते हे जमते, कारण कर लावायला नगरपालिका आहे. पण हरितगृह वायूंचे नुकसान साऱ्या पृथ्वीवर पसरते आणि साऱ्या पृथ्वीची नगरपालिका नाही. प्रत्येक देशाला वाटते, दुसऱ्याने आधी कमी करावे. त्याने केले तर फायदा आपल्यालाही मिळणारच आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले सगळे आंतरराष्ट्रीय करार या एका गाठीशी झगडत आले आहेत.

१९९७चा क्योटो करार २००५च्या फेब्रुवारीत अमलात आला. श्रीमंत देशांनी उत्सर्जनाला कमाल मर्यादा घालून घेतली, भारतासारख्या देशांवर तशी सक्ती नव्हती. पण त्यात एक दार ठेवलेले होते: श्रीमंत देशाला स्वतःच्या घरी एक टन कमी करणे महाग पडत असेल, तर त्याने गरीब देशातला स्वस्त टन विकत घ्यावा. याचे नाव स्वच्छ विकास यंत्रणा, इंग्रजी आद्याक्षरांनी सीडीएम. अर्थशास्त्राच्या फळ्यावर ही कल्पना अतिशय देखणी दिसते. जगातला सगळ्यात स्वस्त टन आधी कमी होईल, पैसे गरीब देशाला मिळतील, दोघांचेही भले.

या यंत्रणेचा एक धागा झाशीच्या अगदी शेजारी सापडतो. झाशीहून ग्वाल्हेरकडे जाताना दतिया लागते. तिथे १९९६ साली भारतातली पहिली उभ्या धाटणीची वीटभट्टी पेटली. मूळ तंत्र चीनचे, मदत स्वित्झर्लंडची, आणि इथली धडपड बुंदेलखंडात काम करणाऱ्या डेव्हलपमेंट ऑल्टर्नेटिव्ह्ज या संस्थेची. ही भट्टी समोरून पाहिली की तिचे शहाणपण पटते. विहिरीसारखी चौकोनी उभी पोकळी. वरून कच्च्या विटांचे थर आणि त्यांत कोळशाची भुकटी भरत जायची. आग मध्यावर जळत राहते. खालून दर काही तासांनी भाजलेल्या विटांचा एक थर जॅक लावून उतरवायचा, की वरचा सगळा ढीग तेवढाच खाली सरकतो. खालून शिरणारी हवा भाजलेल्या विटांना थंड करता करता स्वतः तापते, आणि आगीतून वर जाणारी ऊब कच्च्या विटांना आधीच शेकून ठेवते. उष्णता वाया जायला जागाच नाही. जुन्या भट्टीच्या मानाने कोळसा तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही वाचतो. वाचलेल्या कोळशाचे टन मोजून जागतिक बँकेच्या समुदाय विकास कार्बन निधीला विकण्याचा प्रकल्प याच भट्ट्यांवर उभा राहिला. वीटभट्टीवाल्याला विटा विकून पैसे मिळतातच, पण न जाळलेल्या कोळशाचेही मिळू शकतात, ही कल्पना या भागात पहिल्यांदा आली ती अशी. तिथून जवळच ओरछाला याच संस्थेच्या तारग्राममध्ये बेशरमाच्या झुडपांपासून गॅस काढून वीज करण्याचा प्रयोगही त्याच काळात सुरू झाला होता. आपल्याकडे ओढ्याकाठी माजणारी, गुरेही तोंड लावत नाहीत ती बेशरम.

मग ही यंत्रणा बुंदेलखंडात का फोफावली नाही? याचे उत्तर कागदांच्या खर्चात आहे. सीडीएममध्ये नाव नोंदवायचे तर प्रकल्पाचा जाडजूड आराखडा करा, तो परदेशी मान्यता असलेल्या तपासनिसाकडून तपासून घ्या, नोंदणी करा, मग दरवर्षी मोजणी आणि त्या मोजणीची पुन्हा तपासणी. हा खर्च प्रकल्प लहान असो वा मोठा, फारसा बदलत नाही. लाख टनांच्या प्रकल्पाला तो किरकोळ, हजार टनांच्या भट्टीला मात्र कंबर मोडणारा. म्हणून भट्ट्यांची मोट बांधूनच बाजारात जावे लागे. गरिबाचा टन स्वस्त असतो हे पुस्तकात खरे. पण तो टन आहे हे सिद्ध करणे गरिबाला महाग पडते.

दुसऱ्या टोकाला काय चालले होते तेही पाहा. सीडीएमच्या नोंदवहीतला क्रमांक एकचा प्रकल्प आपल्याच देशातला, गुजरातमधला. एअर कंडिशनरमध्ये भरायचा एक गॅस तयार करताना एचएफसी-२३ नावाचा वायू उपपदार्थ म्हणून निघतो. त्या काळच्या मोजमापाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ११,७०० पट तापवणारा. एक टन जाळून टाकला की ११,७०० क्रेडिट हातात! जाळण्याचा खर्च क्रेडिटमागे एका युरोपेक्षाही कमी, आणि बाजारात त्याला कित्येक युरो मिळत. जगभरच्या मोजक्या कारखान्यांनी या वाटेने क्रेडिटचा मोठा हिस्सा उचलला. मूळ गॅसपेक्षा कचरा जाळण्यात जास्त कमाई होऊ लागली. मग कचरा व्हावा म्हणून गॅस बनवला जातो आहे की काय, असा संशय उभा राहिला. अखेर युरोपने मे २०१३ पासून ही क्रेडिट घेणेच बंद केले. मला विचाराल, तर या यंत्रणेची अब्रू तिथेच गेली. २००८ साली वीस युरोंच्या आसपास असलेले क्रेडिट २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली घसरले. युरोपात मंदी, परवान्यांचा सुकाळ आणि स्वस्त क्रेडिटचा पूर, सगळे एकदमच आले. ज्यांनी त्या भावाच्या भरवशावर प्रकल्प उभारले होते, त्यांच्या हातात कागद उरले.

मामांच्या सहा डॉलरचा भाव या पडझडीतून वाचलेल्या बाजारातला आहे. युरोपच्या परवान्यांच्या बाजारात आज बांधावरच्या झाडाला प्रवेश नाही. झाडाचे क्रेडिट जाते ऐच्छिक बाजारात, जिथे एखादी विमान कंपनी किंवा सॉफ्टवेअर कंपनी आपल्या नावासाठी, आपल्या ग्राहकांसाठी ते विकत घेते. तिला ते घ्यायची सक्ती कोणीही केलेली नाही. सक्ती नसलेल्या गिऱ्हाइकापुढे विकणाऱ्याचे काय चालणार? युरोपातला भाव सरकारने घातलेल्या कमाल मर्यादेतून येतो, झाशीतला भाव गिऱ्हाइकाच्या मर्जीतून येतो. मामांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच.

भाव कमी असण्याला आणखीही कारणे आहेत, आणि ती सगळीच अन्यायाची नाहीत. विकत घेणारा विचारतो, हे झाड पैसे मिळाले नसते तरी लावलेच असते का? आज उभे आहे, उद्या तोडले तर? आणि इथे झाड लावल्यामुळे दुसरीकडचे रान तर तुटत नाही ना? कोळसा एकदा जमिनीतच राहू दिला की तो राहिला. झाडातला कार्बन मात्र कुऱ्हाड, वाळवी आणि वणवा यांच्या भरवशावर असतो. हे प्रश्न मला रास्त वाटतात. पण त्यांचा सगळा भार विकणाऱ्यावर टाकला जातो, हे मला पटत नाही.

कारण बुंदेलखंडात झाड जगवणे म्हणजे काय, हे त्या सहा डॉलरमध्ये कुठेच दिसत नाही. इथे अन्ना प्रथा आहे. पिके निघाली, चारा संपला की गुरे मोकळी सोडायची. दुष्काळ वाढला तशी ही मोकाट गुरे वर्षभर फिरू लागली. दोन वर्षांचे रोप एका रात्रीत संपते. म्हणून प्रत्येक रोपाला काटेरी कुंपण, उन्हाळ्यात डोक्यावरून आणलेले पाणी आणि रात्रीची राखण लागते. झाशीतली ग्वाल्हेर रस्त्यावरची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था १९८८ पासून याच प्रश्नांवर काम करते आहे. हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर तिने बबीना भागात परासई-सिंध पाणलोटात जे केले त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: आधी पाणी अडवले, बुंदेलखंडातल्या 'हवेली' नावाच्या जुन्या बांधबंदिस्तीची दुरुस्ती केली, विहिरींचे पाणी वर आले, आणि मग शेतकरी आपणहून झाडाकडे वळले. २०१४ साली भारताने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले. असे धोरण करणारा हा जगातला पहिला देश. त्या धोरणाचाही एक मुख्य आग्रह असा की शेतकऱ्याला स्वतःचे झाड तोडायला परवानग्यांचा जाच नको. उत्तर प्रदेशात १९७६चा कायदा आहे, आपल्याकडे महाराष्ट्रात १९६४चा. जे झाड तोडता येत नाही ते लावावे कशाला, असा सरळ हिशेब शेतकरी करतो, आणि त्याचा हिशेब बरोबर आहे.

आता दर पाच वर्षांनी पैसे देण्याच्या अटीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

आजचे शंभर रुपये आणि शंभर वर्षांनंतरचे शंभर रुपये यांत फरक किती? पाच टक्क्यांनी सूट धरत मागे आलो, तर शंभर वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत ७६ पैसे. दर १.४ टक्के धरला, तर सुमारे २५ रुपये. ब्रिटनचे निकोलस स्टर्न यांनी २००६च्या अहवालात हा १.४ टक्क्यांचा दर घेतला आणि म्हणाले, आत्ताच मोठा खर्च करा. येलचे विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारातल्या व्याजाशी जुळणारा चढा दर घेतला आणि म्हणाले, हळूहळू चढवत न्या. पुढे २०१८ साली नॉर्डहाउस यांना नोबेल मिळाले. अमेरिकन सरकारने एका टनाच्या नुकसानीची किंमत ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत एक ते सात डॉलर धरली होती, आणि बायडेन यांच्या काळात २०२३ साली पर्यावरण खात्याने ती १९० डॉलर केली. हा फरक केवळ विज्ञानातल्या बदलाने पडला नव्हता. नातवंडांचे नुकसान किती धरायचे आणि अमेरिकेबाहेरच्या माणसांचे धरायचे की नाही, या दोन निर्णयांचा त्यात मोठा वाटा होता.

बरुआसागरचा तलाव ओरछाच्या उदितसिंह राजाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला. पाच टक्क्यांचा दर लावून कोणी त्याला हिशेब मांडून दाखवला असता, तर तीनशे वर्षांनंतरच्या आल्याच्या वाफ्यांची किंमत शून्यच भरली असती. मामा त्याच तलावाच्या आधाराने शेती करतात.

पण मामांचा शेजारी सूटीचा दर पुस्तकातून घेत नाही. त्याचा दर सावकाराकडून येतो: शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. या दराने पाच वर्षांनी मिळणाऱ्या पाचशे रुपयांची आजची किंमत एकशे सत्तर. मुलीचे लग्न निघाले, बोअर आटली, की तो झाड कापून फर्निचरवाल्याला देणार आणि रोख पैसे घेणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. पाच वर्षांनी एकदा पैसे देणारी योजना ज्याला थांबणे परवडते अशा मोठ्या शेतकऱ्याला सोयीची आहे. दरवर्षी थोडा हप्ता, आणि पहिल्या तीन वर्षांत कुंपण-पाण्यासाठी आगाऊ रक्कम, एवढा बदल केला तर त्याच सहा डॉलरची किंमत शेतकऱ्याच्या हातात बरीच वाढेल. भाव वाढवायला युरोपचे मन वळवावे लागेल, हप्ता बदलायला लखनौचे पुरे.

झाडांवर एवढे लिहून विजेला दोन परिच्छेद देतो, पण अर्थशास्त्राचा सगळ्यात आश्वासक धडा तिथला आहे. १ नोव्हेंबर २०२१ला ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधान मोदींनी २०७० पर्यंत भारताचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा केली. त्याच महिन्याच्या १९ तारखेला, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीला, त्यांनी झाशीत गरौठा इथल्या ६०० मेगावॅटच्या सौर उद्यानाची पायाभरणी केली. खर्च तीन हजार कोटींहून अधिक. बुंदेलखंडाचे कोरडे आभाळ, ज्याने पिढ्यान्‌पिढ्या रडवले, तेच इथे भांडवल ठरते. आणि सौर वीज स्वस्त झाली ती कार्बनच्या भावामुळे नव्हे. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर विजेला चढा दर दिला, जर्मन ग्राहकांनी वर्षानुवर्षे ते बिल भरले, त्या मागणीवर चीनने प्रचंड कारखाने उभे केले आणि पॅनेल स्वस्त होत गेले. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात भाव युनिटला १ रुपया ९९ पैशांवर आला. जर्मन ग्राहकाने भरलेल्या जादा बिलाचा लाभ गरौठ्याला झाला, आणि त्यासाठी कुठलाही करार करावा लागला नाही.

आता अडते ते व्याजाशी. सौर प्रकल्पाला इंधनाचा खर्च नाही. सगळा पैसा पहिल्या दिवशी घालावा लागतो. म्हणून युरोपात तीन-चार टक्क्यांनी मिळणारे कर्ज इथे नऊ-दहा टक्क्यांनी मिळाले की सूर्य फुकट असूनही वीज महाग होते. श्रीमंत देशांनी २००९ साली वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले, ते २०२० पर्यंत द्यायचे होते, पुरे झाले २०२२ मध्ये. आणि त्यातल्या सार्वजनिक निधीचा सुमारे ७० टक्के भाग कर्जच. २०२४ला बाकूमध्ये २०३५ साठी वर्षाला ३०० अब्जांचा आकडा ठरला. माझ्या मते भारताने क्रेडिटचा भाव वाढवून मागण्यापेक्षा स्वस्त, लांब मुदतीच्या कर्जासाठी हट्ट धरावा.

पण आपल्या घरातले काय? भारताने २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० वर नेला. आपल्या टनभर कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वायूच्या टनाला अडीचशेहून थोडे जास्त रुपये. थोडा असला तरी तो जगातल्या विकसनशील देशांमधला मोठा धाडसी कर होता. २०१७-१८ पर्यंत त्यातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जेच्या निधीत त्यांतले सुमारे २९ हजार कोटी पोचले, आणि प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १६ हजार कोटी. जीएसटी आल्यावर हा उपकर राज्यांच्या भरपाईत मिसळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढूनच टाकला. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. दीड हजार रुपये टनाचा हलका कोळसा धरा. आधी कर ४७५ रुपये होता, आता २७०. हलका कोळसा जास्त धूर करतो आणि त्याच्यावरचा बोजा कमी झाला, हे मला चुकीचे वाटते. २०२३ साली देशाने स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम अशा उद्योगांचा त्यात समावेश आहे. परीछासारखी औष्णिक केंद्रे त्या यादीत नाहीत.

इकडे युरोपने १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरचा कार्बन कर लागू केला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, यांच्या आयातीवर त्यातल्या कार्बनचा आकार लागणार. पोलादी स्क्रू-बोल्टसुद्धा यादीत आहेत. मूळ देशात कार्बनचा भाव आधीच भरला असेल, तर तेवढा वजा होतो. म्हणजे जो कर आपण इथे घेणार नाही, तो ब्रसेल्स घेणार. आपल्याकडे घेतला तर तो गरौठ्याच्या तारांवर, बबीनाच्या बंधाऱ्यांवर खर्च करता येईल. हा भार युरोपने गरीब देशांवर टाकणे अन्यायाचे आहे, असे भारताचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. माणशी उत्सर्जन अमेरिकेत १४ टनांच्या आसपास, जगाची सरासरी पाचाच्या आत, भारताचे दोन. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच विचारले होते की गरिबाच्या भातशेतीचा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एका तागडीत कसा तोलता? मला तर श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजाच्या हुकुमाने गावातले सगळे दूध देवळात ओतले, वासरे उपाशी राहिली, मुले उपाशी राहिली, आणि गाभारा काही भरला नाही. भरला तो म्हातारीच्या खुलभर दुधाने, कारण तिने आधी घरच्या सगळ्यांचे पोट भरले होते.

परवा अण्णामामांचा फोन आला. एका खासगी कंपनीचा माणूस करार घेऊन आला होता. इंग्रजीत बावीस पाने, मुदत चाळीस वर्षे. मामांनी सही केली नाही. त्यांना मी चार ओळी लिहून पाठवल्या आहेत, त्या विदर्भात, मराठवाड्यात ज्यांच्या दाराशी असा माणूस येईल त्यांच्यासाठी इथेही देतो. आपले क्रेडिट शेवटी कोणत्या भावाने विकले गेले, ते आपल्याला लेखी कळवण्याची अट करारात आहे का? त्यातला आपला हिस्सा टक्क्यांत लिहिला आहे का? झाड किती वर्षे उभे ठेवायचे आणि वीज पडून, वाळवी लागून गेले तर भरपाई कोण देणार? आणि हे सगळे मराठीत लिहिले आहे का? चारांपैकी एकाचे जरी नीट उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका. झाड तुमचेच आहे, ते थांबेल.